लेनवरचा कच्चा लिंबू

बोलिंगचा स्कोअर स्क्रीन आपोआप लावते. पण तो कसा लावायचा हे मात्र तुम्ही ठरवू शकता. आणि त्यावरच ठरतं, पुढच्या वेळी ग्रुपमधलं कोण येणार आणि कोण 'मला काम आहे' म्हणणार.

कामोठ्यात कुणी घरी 'बोलिंगला चाललोय' असं सांगितलं, तर पुढचा प्रश्न बहुतेक 'कुठल्या टर्फवर?' हाच असतो. साहजिक आहे. आपल्याकडे बोलिंग म्हणजे जाळीच्या आत टेनिस बॉलने टाकलेला यॉर्कर. दहा पिना, चकचकीत लाकडी लेन आणि तीन भोकांचा जड बॉल असलेलं दुसरं बोलिंग खेळायचं तर मानसरोवर किंवा खांदेश्वरहून हार्बर पकडायची आणि कुठल्यातरी मॉलचा गेमिंग झोन गाठायचा. मुंबईच्या पोरांना हा खेळ आधी दिसला तो गिरण्यांच्या आवारात. फिनिक्स मिलमध्ये 'द बोलिंग कंपनी' होती, नंतर कमला मिलमध्ये 'स्मॅश' आलं. जिथे एकेकाळी भोंगा व्हायचा तिथे पिना पडायला लागल्या. आता हा खेळ मॉलमध्ये स्थिरावलाय, बर्थडे पार्टी आणि सेमिस्टर संपल्याच्या सेलिब्रेशनपुरता.

तिथे गेलेल्या कुठल्याही कॉलेज ग्रुपकडे जरा लांबून बघा. पहिली पंधरा मिनिटं भाड्याच्या शूजचे फोटो. मग चढाओढ. सहाव्या फ्रेमपर्यंत एक जण ९५ वर आणि एक जण २२ वर. ९५ वाला आता 'मनगट असं ठेव' असं सगळ्यांना शिकवतोय आणि २२ वाली मोबाइलमध्ये घुसलीय. तिची पाळी आली की हाक मारावी लागते. ती येते, बॉल सोडते, तो गटरमध्ये जातो, सगळे 'अरेरे' करतात, ती परत मोबाइलमध्ये. पैसे मात्र दोघांनी सारखेच भरलेत.

ही काही फक्त टॅलेंटची गोष्ट नाही. बोलिंगची गुणपद्धतच अशी आहे की थोडासा फरक ती प्रचंड करून दाखवते.

स्क्रीनवर ती फुली कसली?

आधी मूळ हिशेब, कारण दहा वेळा बोलिंग खेळलेल्यांनाही तो नीट माहीत नसतो. एका गेममध्ये दहा फ्रेम. प्रत्येक फ्रेममध्ये दहा पिना पाडायला दोन बॉल. पहिल्याच बॉलला दहाही पडल्या की स्ट्राइक, स्क्रीनवर फुली येते. दोन बॉलमध्ये मिळून दहा पडल्या की स्पेअर, तिरकी रेघ येते. दोन बॉलनंतरही काही उभ्या राहिल्या तर जेवढ्या पडल्या तेवढेच गुण.

गंमत बोनसमध्ये आहे. स्ट्राइकला दहा अधिक पुढच्या दोन बॉलच्या पिना. स्पेअरला दहा अधिक पुढच्या एका बॉलच्या पिना. म्हणून स्ट्राइक पडल्यावर त्या चौकोनात लगेच आकडा दिसत नाही. मशीन बंद पडलेलं नसतं, ते तुमच्या पुढच्या बॉलची वाट बघत असतं. शेवटच्या फ्रेममध्ये स्ट्राइक किंवा स्पेअर पडला तर बोनससाठी जादा बॉल मिळतात, म्हणून परफेक्ट गेमला बारा स्ट्राइक लागतात आणि त्याचे होतात ३००.

आता वही काढा. समजा, एका मुलाने दहाही फ्रेममध्ये पहिल्या बॉलला नऊ पिना पाडल्या आणि दुसऱ्या बॉलला उरलेली एक चुकवली. त्याचे झाले ९०. दुसरीने दहाही वेळा नऊ पाडल्या आणि उरलेली एकही पाडली, वर शेवटच्या जादा बॉलला पुन्हा नऊ. तिच्या प्रत्येक फ्रेमचे होतात १९, म्हणजे एकूण १९०. फ्रेममागे फरक किती? एका पिनेचा. स्कोअरमध्ये फरक शंभराचा!

आणखी एक. समजा, दोघांनीही पाच स्ट्राइक मारले आणि उरलेल्या पाच फ्रेममध्ये पहिल्या बॉलला नऊ पाडून दुसरा बॉल फुकट घालवला. दोघांच्या पिना अगदी सारख्या, ९५. पण एकाचे स्ट्राइक एकाआड एक पडले, त्याचा स्कोअर १४०. दुसऱ्याचे पाचही सलग, सुरुवातीलाच पडले, त्याचा १८३. म्हणजे हा खेळ पिना मोजत नाही, लय मोजतो. जो 'फॉर्मात' आहे त्याला आणखी देतो. कसलेल्या खेळाडूंना हेच आवडतं, आणि नवख्याची वाट यातच लागते.

जगालाही हा हिशेब जड जातो

बोलिंगच्या जागतिक संघटनेलाही हा गुंता नडला. १९८८ च्या सोल ऑलिंपिकमध्ये बोलिंग दाखवण्यापुरतं होतं. २०२० च्या टोकियो ऑलिंपिकसाठी २०१५ मध्ये आठ खेळांची यादी निघाली, त्यात बोलिंगचं नाव होतं, पण अंतिम पाचात ते आलं नाही. टीव्हीवर बघणाऱ्याला कोण पुढे आहे हे चटकन कळत नाही ही या खेळाची जुनी अडचण. म्हणून त्याच दशकात वर्ल्ड बोलिंगने (आता या संघटनेचं नाव इंटरनॅशनल बोलिंग फेडरेशन आहे) एक सोपी पद्धत पुढे आणली. हिचा सगळा हिशेब त्याच फ्रेममध्ये संपतो. स्ट्राइक म्हणजे सरळ ३०. स्पेअर म्हणजे दहा अधिक त्याच फ्रेमच्या पहिल्या बॉलला पडलेल्या पिना. बाकी जेवढ्या पडल्या तेवढ्या. जादा बॉलची भानगड नाही. दहा स्ट्राइक, ३०० गुण.

उदाहरण घ्या. पहिल्या फ्रेमला स्ट्राइक, दुसरीत सात आणि मग स्पेअर, तिसरीत चार आणि तीन. जुन्या पद्धतीने २०, १४ आणि ७, एकूण ४१. नव्या पद्धतीने ३०, १७ आणि ७, एकूण ५४. ही बेरीज तोंडी होते, चहा पिता पिता.

पण वरच्या पाच स्ट्राइकवाल्या जोडीचं काय होतं बघा. नव्या पद्धतीत दोघांचेही १९५. सलग मारले काय, विखरून मारले काय, सारखंच. जुन्या खेळाडूंचा आक्षेप हाच आहे की यात दबावाखाली सलग स्ट्राइक मारण्याला किंमतच उरत नाही. मला त्यांचं म्हणणं पटतं. आणि नवख्यासाठीही ही पद्धत फारशी दयाळू नाहीच. फ्रेममागे चार पिना पाडणारा आधी ४० वर होता, इथेही ४० वरच राहतो. फक्त आपण हरतोय हे त्याला लवकर कळतं.

गुणपद्धत बदलली की खेळ बदलतो, हे आपल्याला नवं नाही. बॅडमिंटनमध्ये २००६ पासून सर्व्हिस कुणाचीही असो, पॉइंट मिळायला लागला आणि मॅचचा वेगच बदलला. प्रो कबड्डीत तिसऱ्या रेडला 'करो या मरो' आणलं, तीन किंवा कमी बचावपटूंनी पकड केली की जादा गुण दिला, आणि वेळ काढणाऱ्या रेडची सद्दी संपली. त्याही आधी, विटीदांडूत 'वकट, लेंड, मूंड' मोजणाऱ्या पिढीला आकड्यागणिक टोला मारायची रीत बदलते हे पाठ होतं.

आपला जुना उपाय

कमकुवत गड्याचं काय करायचं, यावर मराठी गल्लीने फार पूर्वी उत्तर शोधलंय : कच्चा लिंबू. धाकटा भाऊ, पाहुण्यांचं पोर, नुकतीच राहायला आलेली मुलगी. खेळायला घ्यायचं, पण आउट झालं तरी आउट धरायचं नाही. माया आहे यात. पण कधीतरी कच्चा लिंबू राहिलेल्याला विचारा. तुम्ही आउट होत नाही, कारण तुम्ही मोजलेच जात नाही. दहा वर्षांच्या पोराला ते चालतं. एकोणीस वर्षांच्या मुलीला सगळ्या ग्रुपसमोर 'चल, परत टाक, तुझं धरत नाही' असं म्हटलं की ती हसते आणि पुढच्या वेळी येत नाही.

टर्फवर आपण यापेक्षा बरं वागतो. गडी विषम झाले की एक जण 'कॉमन', दोन्हीकडून बॅटिंग करतो. लाँग ऑनला मागे भिंत जवळ आहे म्हणून तिकडे दोन 'डिक्लेअर'. वर नेटला लागून आला तर एका हाताने कॅच. जागा आणि माणसं बघून नियम कापून घेणं आपल्याला जमतं. बोलिंगच्या लेनवर मात्र स्क्रीन जे दाखवेल ते निमूट मान्य. खरंतर जगभरचे हौशी बोलिंगवाले वर्षानुवर्षं स्क्रीनशी मांडवली करत आलेत.

त्यातला सगळ्यात प्रसिद्ध प्रकार 'नो-टॅप'. पहिल्या बॉलला नऊ पिना पडल्या तरी स्ट्राइक धरायचा. बऱ्याच मशीनमध्ये ही सेटिंग असते, काउंटरवर विचारलं तर लावून देतात. ऐकायला वाटतं, वा, नवख्यांसाठी छान! पण हिशेब करा. वर ९० करणारा मुलगा आणि १९० करणारी मुलगी, दोघांनाही दर वेळी पहिल्या बॉलला नऊ मिळत होत्या. नो-टॅपमध्ये दोघांचेही ३००! आणि फ्रेममागे चारच पिना पाडणारा? तो होता तिथेच, ४० वर. नवख्याला पहिल्या बॉलला नऊ मिळतात कधी? नो-टॅप ही बऱ्यापैकी खेळणाऱ्यांना खूश करणारी सवलत आहे. पार्टीत धमाल येते, पण तळाच्या माणसाचं अंतर उलट वाढतं.

'थ्री-सिक्स-नाइन' याच्या उलट वागतो. तिसऱ्या, सहाव्या आणि नवव्या फ्रेमला प्रत्येकाला फुकट स्ट्राइक. चाळीसवाल्याच्या या तीन फ्रेम प्रत्येकी १४ च्या होतात, बाकी सात फ्रेमचे २८, एकूण ७०. म्हणजे तीस गुणांची भर. १९० वालीचे होतात १९६, फक्त सहा वाढले. इथे सवलत सगळ्यांना सारखी दिलीय, पण पोचते ती गरजूपर्यंत. (सरकारी योजनांवर पीएचडी करणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

हँडिकॅप हा त्याहून थेट मार्ग, लीगमध्ये सर्रास वापरतात. एक पाया ठरवायचा, समजा २००. तुमची सरासरी त्याच्या जितकी खाली, त्या फरकाचे काही टक्के तुम्हाला गेम सुरू व्हायच्या आधीच मिळणार. ८० टक्के धरले तर सरासरी ६० वालीला ११२ गुण, सरासरी १३० वाल्याला ५६. दोघंही आपापल्या सरासरीएवढं खेळले तर ती १७२ आणि तो १८६. चांगला खेळणारा पुढेच राहतो, पण त्याला खेळावं लागतं. शंभर टक्के धरले तर दोघांचेही २०० आणि त्या दिवशी स्वतःपेक्षा बरं कोण खेळलं एवढाच प्रश्न उरतो. भांडण होतं ते सरासरीवरून. जास्त हँडिकॅप मिळावा म्हणून आधीचे दोन गेम मुद्दाम वाईट खेळणारे महाभाग सगळीकडे असतात. आपल्याकडे तर असतातच.

मुळात दहा पिना आणि दोन बॉल हेच कुठे पवित्र आहे? कॅनडात टोरांटोच्या थॉमस रायनने १९०९ च्या सुमाराला जेवणाच्या सुट्टीत येणाऱ्या गिऱ्हाइकांना दहा पिनांचं बोलिंग जड जातं म्हणून पाच पिनांचं काढलं. बॉल हातात मावेल एवढा. आता त्यात पिनांना वेगवेगळे गुण आहेत, मधलीला ५, तिच्या बाजूच्यांना ३, टोकाच्यांना २, आणि परफेक्ट गेम ४५० चा. अमेरिकेच्या ईशान्य भागात कँडलपिन खेळतात. मेणबत्तीसारख्या बारीक पिना, फ्रेमला तीन बॉल आणि पडलेल्या पिना उचलत नाहीत, त्यांच्यावर आपटूनच पुढच्या पाडायच्या. तिथे आजवरचा सर्वोच्च स्कोअर २४५ आहे, ३०० कुणालाच जमलेले नाहीत. आपल्या लगोरीचा विचार करा : बॉल मारून दगड पाडणं हा अर्धाच खेळ, ते परत रचल्याशिवाय काही मिळत नाही.

पाच जण, एक गेम

या सगळ्यात मला सगळ्यात आवडलेला प्रकार म्हणजे 'बेकर'. अमेरिकन बोलिंग काँग्रेसचे पदाधिकारी फ्रँक बेकर यांच्यावरून हे नाव पडलं. पाच जणांची टीम मिळून एकच गेम खेळते. पहिला खेळाडू पहिली आणि सहावी फ्रेम, दुसरा दुसरी आणि सातवी, असं करत पाचवा पाचवी आणि दहावी. अमेरिकेतल्या कॉलेज बोलिंगमध्ये हा प्रकार नेहमीचा आहे.

याचा एक फायदा सरळ खिशाचा. पाच जणांत एका गेमचे पैसे. महिनाअखेरीला हा मुद्दा छोटा नाही. अर्थात काही ठिकाणी लेनवर येणाऱ्या प्रत्येक माणसाचे पैसे घेतात, तेव्हा शूज घालायच्या आधी विचारून घ्या.

गेल्या महिन्यात आम्ही सहा जणांनी तीन-तीनच्या दोन टीम करून बेकर खेळून बघितलं. मशीनला टीम-बिम काही सांगितलं नाही, दोन खेळाडूंच्या नावांच्या जागी दोन टीमची नावं टाकली. तिघांत वाटायचं तर पहिल्याला १, ४, ७ आणि १० या फ्रेम, दुसऱ्याला २, ५, ८, तिसऱ्याला ३, ६, ९. दहावी कुणाकडे जाते यावर आधी पाच मिनिटं वाद झाला, कारण तिथे तीन बॉल मिळू शकतात.

आमच्यातल्या एका मैत्रिणीचा तोवरचा बेस्ट स्कोअर ५१ होता. ती या वेळी यायलाच तयार नव्हती. तिला दुसरा नंबर दिला. दुसऱ्या आणि पाचव्या फ्रेमला तिचे पाच आणि सहा, म्हणजे नेहमीसारखंच. आठव्या फ्रेमला पहिल्या बॉलला सहा पडल्या. दुसऱ्या बॉलला उरलेल्या चारही गेल्या. स्पेअर. आरडाओरडा झाला तो झालाच, पण खरी गोष्ट पुढे होती. तिच्या फ्रेमचे गुण अजून लागले नव्हते. स्पेअरचा बोनस पुढच्या बॉलवर, आणि तो बॉल तिच्या टीममधल्या दुसऱ्याच्या हातात. ती जागेवर जाऊन बसली नाही. लेनच्या रेषेशी उभी राहून त्याचा बॉल बघत होती, कारण त्याच्या पिना तिच्या चौकोनात जाणार होत्या. सात पडल्या. तिच्या फ्रेमचे सतरा.

तेव्हा लक्षात आलं की जुन्या पद्धतीचा तो किचकट बोनस, जो एकट्याच्या खेळात नवख्याला आणखी मागे ढकलतो, तोच बेकरमध्ये माणसांना एकमेकांना बांधतो. माझ्या स्ट्राइकची किंमत तुझे पुढचे दोन बॉल ठरवणार. मग 'तुझी पाळी' म्हणून कुणाला हाक मारावी लागत नाही. सोप्या ३०-गुणांच्या पद्धतीत हे होणार नाही, तिथे प्रत्येकाची फ्रेम आपापल्या घरी सुखी. म्हणून माझं स्पष्ट मत : एकेकटे खेळणार असाल तर थ्री-सिक्स-नाइन किंवा हँडिकॅप, आणि टीम करणार असाल तर बेकर, तोही जुन्याच हिशेबाने.

चार जणच असाल तर 'स्कॉच डबल्स' करता येईल. दोघांची जोडी, एकाने पहिला बॉल टाकायचा, उरलेल्या पिना दुसऱ्याने काढायच्या. जोडीतल्या पक्क्या खेळाडूला पहिला बॉल द्यायचा मोह होतो. मला उलटं बरं वाटतं. नवख्याने पहिला बॉल टाकावा, समोर दहाच्या दहा पिना असतात, काहीतरी पडतंच. उरलेली एखादी कोपऱ्यातली पिन काढायची डोकेदुखी पक्क्याला द्या.

आमच्याकडे शेवटी अर्धा तास उरला होता, म्हणून 'लो-बॉल' काढलं. यात कमीत कमी गुण करणारा जिंकतो, पण गटरमध्ये टाकून पळवाट काढता येत नाही, कारण एकही पिन न पडलेल्या बॉलचे दहा धरतात. म्हणजे दर बॉलला बरोब्बर एकच पिन पाडायची. नेम मागच्या दोन कोपऱ्यांवर, सात आणि दहा नंबरच्या पिनांवर, आणि त्यांना चिकटून दोन्हीकडे गटर. मूळ नियमात स्ट्राइक-स्पेअरसारखे बोनसही आहेत. ते आम्ही काढून टाकले आणि पाच फ्रेमचा हिशेब एका बिलाच्या पाठीमागे पेनाने लिहिला, कारण मशीनला हे शिकवणं शक्य नव्हतं. ज्याला आम्ही इतकी वर्षं 'प्रो' म्हणतो त्याने कोपरा साधायच्या नादात चार बॉल गटरमध्ये घातले. पाचव्या फ्रेमला चिडून सरळ मधोमध टाकला. दहाही पडल्या. स्ट्राइक! शेजारच्या लेनवरचं एक कुटुंब टाळ्या वाजवत होतं आणि आमच्यातले पाच जण त्याच्यावर खो-खो हसत होते.